तीच गळती पुन्हा पुन्हा: रबरी सीलचे मटेरियल कुठे चुकते आणि ते कसे शोधावे

एखाद्या पंपाचे, व्हॉल्व्हचे किंवा पाइपजोडाचे रबरी सील गळू लागते, फिटर ते बदलतो, गळती थांबते आणि काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा थेंब दिसू लागतात. दुसऱ्या खेपेला सप्लायर बदलला जातो. तिसऱ्या खेपेला ‘आता चांगल्यातला माल घाला’ असा निर्णय होतो आणि साध्या नायट्राइल रबराच्या जागी त्याच्या कित्येक पट महाग असलेले व्हायटॉन हे फ्लोरिनयुक्त रबर बसवले जाते. तेही निकामी झाले, आणि कधी कधी आधीच्यापेक्षा लवकर निकामी झाले, की मशीनच सदोष असल्याचा निष्कर्ष निघतो. या चक्रात अडकलेल्या मेंटेनन्स आणि खरेदी विभागांसाठी हे लिहीत आहे.

अशा गळतीचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते: त्या सीलची वर्षभरात ज्या ज्या द्रवांशी, वाफेशी आणि तापमानाशी गाठ पडते त्यांची पूर्ण यादी कोणी केलेलीच नसते. मागणीपत्रावर ‘ओ-रिंग (गोल कापाची रबरी कडी), काळी, ५० बाय ५’ एवढेच असते आणि फार झाले तर मुख्य द्रवाचे नाव. सील मात्र बऱ्याचदा मुख्य द्रवाने खराब होतच नाही. धुण्याच्या रसायनाने, बसवताना लावलेल्या ग्रीसने, हवेबरोबर येणाऱ्या तेलाच्या तुषारांनी किंवा आठवड्यातून एकदा अर्धा तास सोडलेल्या वाफेने ते खराब होते. म्हणून नवे रबर निवडण्याआधी दोन कामे करावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: निघालेले सील नीट तपासावे आणि द्रवांची यादी पूर्ण करावी.

निघालेले सील फेकण्याआधी

बिघाडाचे कारण सांगणारा सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे निकामी झालेले सील, आणि बहुतेक कारखान्यांत तोच आधी कचऱ्यात जातो. सील काढल्यावर ते कापडाने पुसून लगेच बंद पिशवीत ठेवावे, पिशवीवर मशीनचे नाव, बसवल्याची व काढल्याची तारीख आणि दाबाची बाजू कोणती होती हे लिहावे. मोजमापही लगेच घ्यावे. उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये फुगलेली रिंग रात्रभर टेबलावर राहिली तर सकाळी पूर्ववत झालेली दिसते आणि फुगण्याचा पुरावा नाहीसा होतो. मोजण्यासाठी व्हर्नियर, साधा पण नेमका वजनकाटा, रबराचा कडकपणा शोअर या एककात मोजणारा शोअर ए डूरोमीटर आणि त्याच लॉटमधील एक न वापरलेली रिंग एवढे पुरेसे आहे. न वापरलेली रिंग नसेल तर तुलना करायला काही उरत नाही, म्हणून प्रत्येक लॉटमधील एखादी रिंग राखून ठेवण्याची पद्धत पाडावी.

रिंग मूळ मापापेक्षा जाड, जड आणि मऊ झालेली असेल तर ती फुगली आहे, म्हणजे कोणता तरी द्रव रबरात शिरला आहे आणि रबराचा वर्ग चुकला आहे. स्थिर जोडात आकारमानाची वीसेक टक्के वाढ बहुधा खपून जाते, कारण खाचेत थोडी मोकळी जागा असते. मागे-पुढे सरकणाऱ्या दांड्यावरील सीलमध्ये मात्र दहा टक्क्यांच्या पुढची वाढ घर्षण वाढवते आणि सील ओरबाडले जाते. उलट रिंग बारीक, हलकी आणि कडक झाली असेल तर द्रवाने रबरातील प्लास्टिसायझर, म्हणजे लवचीकपणासाठी मिसळलेले तेल, धुऊन नेले आहे. हा दोष ओळखायला अवघड जातो, कारण चालू लाइनमध्ये द्रव शिरून रिंग फुगलेली राहते आणि गळती दिसत नाही. रविवारच्या सुट्टीत लाइन रिकामी होते, द्रव उडून जातो, रिंग मूळ मापाहून लहान होते आणि सोमवारी सकाळी मशीन सुरू करताच जोड गळू लागतो. ‘फक्त सुट्टीनंतरच गळते’ ही तक्रार आली तर प्रथम हीच शंका घ्यावी. आकुंचन तीन-चार टक्क्यांपलीकडे गेले की जोड टिकत नाही.

वजन फारसे बदललेले नाही, पण गोल कापाची रिंग दोन बाजूंनी चपटी झाली आहे आणि पुन्हा गोल होत नाही, हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. त्याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात आणि तो आकड्यात मोजता येतो. मूळ जाडी ५ मिलिमीटर, खाचेत दाबल्यावर ४ मिलिमीटर आणि बाहेर काढल्यावर ४.२ मिलिमीटर असेल, तर १ मिलिमीटर दाबापैकी फक्त ०.२ मिलिमीटर परत आले, म्हणजे सेट ८० टक्के झाला. इतक्या सेटनंतर सीलमध्ये जोर उरत नाही आणि तापमान जरा उतरले, जोड जरा हलला, की तो गळतो. म्हणूनच असा जोड गरम असताना कोरडा आणि थंड झाल्यावर ओला दिसतो. याचे कारण बहुधा तापमान असते. उष्णतेने रबर जुने होण्याचा वेग दर १० अंश सेल्सियसला साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम कामाचा आहे. १०० अंशांपर्यंत चालणारे रबर १२० अंशांवर लगेच वितळत नाही, पण त्याचे आयुष्य चौथाईवर येते, आणि मग ‘आधी वर्षभर टिकायचे, आता तीनच महिने टिकते’ असे ऐकू येते.

पृष्ठभागावर समांतर भेगा असतील आणि त्या ताणाच्या दिशेला आडव्या असतील तर ते ओझोनचे काम समजावे. नैसर्गिक रबर, एसबीआर (स्टायरीन-ब्युटाडाइन हे कृत्रिम रबर) आणि नायट्राइल यांना ओझोनचे वावडे आहे, आणि ओझोन फक्त वातावरणात नसतो. विजेच्या मोटारी आणि वेल्डिंगची यंत्रे यांच्या जवळ त्याचे प्रमाण वाढते. ताण नसलेल्या रबराला ओझोनच्या अशा भेगा पडत नाहीत. स्टोअरमध्ये खिळ्याला टांगून ठेवलेल्या रिंगा नेमक्या खिळ्याच्या वळणावर तडकलेल्या दिसतात त्या यामुळेच. अंगभर फोड असतील आणि जोड दाबाखालच्या वायूचा असेल, तर दाब एकदम सोडल्यावर रबरात मुरलेला वायू आतून फुगून बाहेर पडला आहे. तिथे अधिक कडक, वायूसाठी मुद्दाम बनवलेले रबर लागते आणि दाब हळूहळू सोडण्याची शिस्त त्याहून अधिक लागते.

तेलाचे रबर आणि पाण्याचे रबर

औद्योगिक रबराचे डझनावारी प्रकार आहेत, पण रोजच्या कामात निम्म्याहून अधिक चुका तीनच नावांभोवती होतात: नायट्राइल म्हणजे एनबीआर, ईपीडीएम (इथिलीन-प्रोपिलीनवर आधारलेले रबर) आणि एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर).

एनबीआर हे खनिज तेल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल आणि ग्रीस यांचे रबर आहे. त्यातील अॅक्रिलोनायट्राइलमुळे त्याच्या रेणूंना ध्रुवीयता येते आणि अध्रुवीय तेल त्यात सहज शिरत नाही. हे प्रमाण साधारण १८ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवता येते. ते वाढवले की तेलाला विरोध वाढतो, पण थंडीत लवचीकपणा कमी होतो. त्यामुळे नुसते ‘नायट्राइल द्या’ म्हणणे अपुरे आहे. त्याची सतत चालण्याची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. त्याच्या रेणूंच्या साखळीतील दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढले की एचएनबीआर मिळते. ते १५० अंशांपर्यंत जाते आणि ओझोनलाही बऱ्यापैकी तोंड देते.

ईपीडीएम नेमके उलट आहे. त्याची साखळी पूर्णपणे अध्रुवीय असल्यामुळे गरम पाणी, वाफ, कॉस्टिक सोडा, सौम्य आम्ले, ग्लायकॉल आणि अॅसिटोनसारखी कीटोने त्याला फारशी बाधत नाहीत. ऊन-पाऊस आणि ओझोन यांत ते वर्षानुवर्षे टिकते. परंतु खनिज तेल लागले की ते फुगून निकामी होते. पेरॉक्साइडने व्हल्कनाइझ केलेले, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून पक्के केलेले, ईपीडीएम १५० अंशांपर्यंत वापरता येते, म्हणजे संतृप्त वाफेच्या भाषेत गेजवर साधारण ४ बार.

एफकेएम म्हणजे फ्लोरिनयुक्त रबर. व्हायटॉन हे त्यातील एका ब्रँडचे नाव असून ड्यूपाँटने ते १९५७ मध्ये बाजारात आणले, आता ते केमूर्स कंपनीकडे आहे. विमानोद्योगाला गरम तेल आणि इंधन यांत टिकणारे सील हवे होते आणि त्या कामात हे रबर खरोखर श्रेष्ठ आहे. २०० अंशांपर्यंतचे तेल, पेट्रोल, बेंझीन, टोल्युइन आणि अनेक आम्ले ते सोसते. पण तेलातील या लौकिकामुळे ते सर्वच ठिकाणी सर्वांत उत्तम असते असा समज पसरला आणि बाजारातील किमतीने तो पक्का केला. वाफ, गरम कॉस्टिक, अमाइने, अॅसिटोन, मिथाइल इथाइल कीटोन आणि वाहनांचे ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेक ऑइल या सर्वांत साधे एफकेएम अयोग्य आहे. कमी तापमानातही, उणे १५-२० अंशांच्या खाली, ते कडक होते. वाफेच्या जोडावर बसवलेले महाग व्हायटॉन स्वस्त ईपीडीएमच्या आधी फुटते, यात मालाची लबाडी असेलच असे नाही. रसायनशास्त्राप्रमाणे तसेच व्हायला हवे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. निओप्रीन तेल आणि हवामान दोन्हींत मध्यम कामगिरी करते, म्हणून उघड्यावरच्या गॅस्केटला बरे. सिलिकॉन उणे ६० ते २०० अंशांहून अधिक तापमान सोसते, पण चटकन फाटते आणि दाबाच्या वाफेत त्याचे विघटन होते. पॉलियुरेथेन झिजेला सर्वांत चिवट असल्याने हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये ते उत्कृष्ट असते, परंतु गरम पाण्यात त्याची साखळी तुटते. त्यातील पॉलिएस्टर जातीचे तर कोकणासारख्या दमट हवेत नुसते ठेवून ठेवूनही भुगा होऊ शकते, अशा ठिकाणी पॉलिइथर जातीचे मागावे. नैसर्गिक रबराची ताकद आणि लवचीकता आजही अनेक कृत्रिम रबरांहून सरस आहे, त्यामुळे कंपन शोषणारे पॅड आणि खडी-वाळूच्या मिश्रणाचे पंप यांत त्याला तोड नाही. तेल आणि ८० अंशांवरची उष्णता यांपासून मात्र त्याला दूर ठेवावे.

दुधाच्या प्लँटमधील व्हॉल्व्ह सीट

कोल्हापूर-सांगलीपासून अहिल्यानगरपर्यंतच्या पट्ट्यात दूध प्रक्रियेचे प्लँट भरपूर आहेत आणि त्यांच्यातील बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या रबरी सीट हे या समस्येचे अगदी नमुनेदार उदाहरण आहे. मागणीपत्रावर द्रवाचे नाव ‘दूध’ आणि तापमान ७२ अंश असते, कारण पाश्चरायझेशन ७२ अंशांवर १५ सेकंद होते. दुधात स्निग्धांश असतो, म्हणून तेलाला चालणारे एनबीआर निवडले जाते. कागदावर ही निवड योग्य दिसते.

परंतु प्रत्येक पाळीनंतर त्याच व्हॉल्व्हमधून सीआयपी होते, म्हणजे पाइप न उघडता आतून धुलाई. त्यात साधारण १ ते २ टक्के कॉस्टिक सोडा ७५ ते ८५ अंशांवर आणि नंतर अर्धा ते एक टक्का नायट्रिक आम्ल ६० ते ७० अंशांवर फिरवले जाते. काही ठिकाणी शेवटी गरम पाणी किंवा वाफही दिली जाते. नायट्रिक आम्ल ऑक्सिडीकारक आहे आणि एनबीआरच्या साखळीतील दुहेरी बंधांवरच ते हल्ला करते. सीट कडक होते, पृष्ठभाग तडकतो, त्या भेगांत दुधाचे थर साचतात, आणि गळतीच्या आधी सूक्ष्मजीवांचे प्रमाण वाढल्याचा अहवाल प्रयोगशाळेकडून येतो. मग एनबीआरच्या जागी एफकेएम येते. त्याला नायट्रिकचा त्रास नाही, पण गरम कॉस्टिक एफकेएमच्या साखळीतून हायड्रोजन फ्लोराइडचे रेणू काढून घेते, रबर ठिसूळ होते आणि पुन्हा तेच घडते. दोन्ही वेळा दुधाने काहीच बिघडवलेले नसते.

पेरॉक्साइडने व्हल्कनाइझ केलेले ईपीडीएम कॉस्टिक, सौम्य नायट्रिक, गरम पाणी आणि वाफ हे चारही सोसते. दुधातील तीन-चार किंवा सहा टक्के स्निग्धांश पाण्यात विखुरलेला असतो, तेवढ्याने त्याचे फारसे बिघडत नाही. म्हणून दुधाच्या आणि सीआयपीच्या लाइनवर ते ठीक चालते. पण हा अनुभव आला की संपूर्ण प्लँटमध्ये ईपीडीएम बसवून टाकण्याचा मोह होतो, आणि तिथे क्रीमची व तुपाची लाइन फसते. त्या लाइनमध्ये स्निग्धांश मुख्य घटक असतो, ईपीडीएम हळूहळू फुगते आणि व्हॉल्व्हचे हँडल जड फिरू लागते. तिथे एचएनबीआर तपासून पाहावे आणि धुलाईचे तापमान व आम्लाची तीव्रता त्याला झेपेल अशी ठेवावी. एकाच छपराखाली दोन लाइनना दोन रबरे लागतात हे स्टोअरला पटवून देणे कधी कधी तांत्रिक कामाहून कठीण जाते. तरीही ते करावेच लागते, आणि दोन्ही सीट काळ्याच असतील तर एकीवर रंगीत खूण असलेला माल मागवावा.

यादीत न येणारे द्रव

दुधाच्या उदाहरणात धुलाईचे रसायन निदान लिखित पद्धतीत असते. त्याहून अवघड असतात ते कोणीच न नोंदवलेले द्रव. गरम पाण्याच्या लाइनवर ईपीडीएमची योग्य रिंग येते आणि फिटर ती खाचेत सहज बसावी म्हणून हाताशी असलेले साधे खनिज ग्रीस चोपडतो. रिंग फुगायला तेवढे पुरते. ईपीडीएमसाठी सिलिकॉन ग्रीस, ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी वापरावे, पण सिलिकॉन ग्रीस सिलिकॉन रबराला लावू नये, कारण ते त्यात शिरते. पार्ट डिझेलने किंवा रॉकेलने धुऊन तसेच जोडणे हाही याच जातीचा घोळ आहे.

कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनला ‘फक्त हवा’ समजून ईपीडीएम घातले जाते, आणि ऑइल लागणाऱ्या कॉम्प्रेसरमधून हवेसोबत येणारे तेलाचे तुषार ते फुगवतात. तिथे एनबीआर हवे. हायड्रॉलिक यंत्रणेत ‘ऑइल’ हा शब्द ऐकून एनबीआर घातले जाते, पण वीज केंद्रातील टर्बाइनच्या नियंत्रण यंत्रणेत किंवा आगीच्या धोक्याच्या ठिकाणी ते ऑइल फॉस्फेट एस्टर, म्हणजे सहज पेट न घेणारा कृत्रिम द्रव, असू शकते. त्यात एनबीआर भयंकर फुगते आणि ईपीडीएम टिकते. वॉटर-ग्लायकॉल, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, असेल तर एनबीआर चालते, पण पॉलियुरेथेनचे सील धोक्यात येते.

द्रव बदलतो आणि यादी जुनीच राहते हा आणखी एक मार्ग. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानंतर वातानुकूलन यंत्रांतील आर-१२ हा शीतक वायू जाऊन आर-१३४ए आले, त्यासोबत खनिज तेलाच्या जागी कृत्रिम तेले आली आणि जुन्या एनबीआरच्या ओ-रिंगांची जागा वाहनांमध्ये प्रामुख्याने एचएनबीआरने घेतली. इथेही महाग म्हणून एफकेएम घालणे चुकीचे आहे, कारण आर-१३४ए त्यात सहज शिरतो. आजचे उदाहरण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे आहे. एनबीआर शुद्ध पेट्रोलमध्ये जितके फुगते आणि शुद्ध इथेनॉलमध्ये जितके फुगते, त्या दोहोंपेक्षा त्यांच्या मिश्रणात ते अधिक फुगते. म्हणून इथेनॉल आणि पेट्रोल यांचे वेगवेगळे तक्ते पाहून मिश्रणाचा अंदाज बांधता येत नाही. २० टक्के इथेनॉलच्या इंधनासाठी जुन्या पंपांची, होसची आणि डायफ्रॅमची तपासणी वेगळी करावी.

रबर निर्दोष असते तेव्हा

मटेरियल बदलण्याआधी खाच मोजावी. स्थिर जोडात ओ-रिंग साधारण १५ ते ३० टक्के दाबली जावी, सरकत्या जोडात त्याहून कमी. आतल्या व्यासावर ताण ५ टक्क्यांच्या आत असावा आणि खाच ८५ टक्क्यांहून अधिक भरू नये. हा शेवटचा मुद्दा नेहमी दुर्लक्षित राहतो. रबर तापल्यावर पोलादाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते, त्यात द्रवामुळे थोडे फुगते, आणि खाचेत जागा नसेल तर ते फटीतून बाहेर ढकलले जाते. दाबाच्या विरुद्ध बाजूची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल तर हेच झाले आहे, किंवा दाबाच्या मानाने फट मोठी आहे. १०० बारच्या पुढे शोअर ७० ची रिंग एकटी ठेवू नये. ९० शोअर घ्यावी किंवा टेफ्लॉनची बॅकअप रिंग, म्हणजे ओ-रिंगेला फटीत जाऊ न देणारी आधाराची कडी, द्यावी. रिंगेवर स्क्रूसारखी तिरकी वळणे उमटली असतील तर ती सरकताना पिळली गेली आहे, आणि बसवताना वळलेली रिंग किंवा कोरडा दांडा याला कारण असतो. या तिन्ही दोषांत रबराचा वर्ग बदलून काहीही साध्य होत नाही.

आणि काही जागा रबराच्या नसतातच. ८ बारच्या वाफेचे तापमान १७५ अंशांच्या आसपास असते. तिथे फ्लँजला ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉनचे गॅस्केट घालणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

नाव तेच, माल वेगळा

योग्य वर्ग निवडूनही एका लॉटचे सील टिकते आणि दुसऱ्याचे टिकत नाही, तेव्हा कंपाउंडकडे पाहावे लागते. ‘ईपीडीएम’ हे फक्त मूळ पॉलिमरचे नाव आहे. त्यात कार्बन ब्लॅक, तेल, भराव, अँटिऑक्सिडंट आणि व्हल्कनाइझ करणारी रसायने मिसळून कंपाउंड बनते, आणि भरपूर भराव घातलेल्या स्वस्त मालात पॉलिमरचा वाटा निम्म्याहूनही कमी असू शकतो. गंधकाने व्हल्कनाइझ केलेले ईपीडीएम स्वस्त पडते, पण गरम जोडात त्याचा कॉम्प्रेशन सेट पेरॉक्साइडवाल्यापेक्षा बराच जास्त येतो. दोन्हींचा रंग, वास आणि शोअर कडकपणा सारखाच असू शकतो. म्हणून कडकपणा मोजून माल स्वीकारणे पुरेसे नाही. लॉटगणिक कॉम्प्रेशन सेटचा आणि उष्णतेत जुने केल्यानंतरच्या बदलाचा दाखला मागावा. चाचण्यांच्या पद्धती आयएस ३४०० या भारतीय मानकाच्या विविध भागांत दिलेल्या आहेत. निर्यातीच्या कामात एएसटीएम डी ३९५ ही सेटची आणि डी ४७१ ही द्रवात बुडवण्याची चाचणी चालते, तर एएसटीएम डी २००० या मानकात रबराची अपेक्षित कामगिरी एका ओळीच्या संकेतात लिहिण्याची सोय आहे. दाखल्यावर चाचणीचे तापमान आणि तास पाहिल्याशिवाय टक्केवारी वाचू नये. २२ तासांचा सेट ७० तासांच्या सेटपेक्षा नेहमीच सुंदर दिसतो.

आलेला माल सांगितलेल्या वर्गाचाच आहे का, हे ढोबळ पातळीवर आपल्या टेबलावरही कळते. रिंगेचे वजन हवेत घ्यावे, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून घ्यावे आणि हवेतील वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागावे, म्हणजे घनता मिळते. एफकेएमची घनता बहुधा १.८ किंवा त्याहून अधिक असते, एनबीआर आणि ईपीडीएमची १.१ ते १.३ च्या आसपास. १.३ घनतेचे ‘व्हायटॉन’ आले तर खरेदी थांबवावी. एनबीआर आणि ईपीडीएम वेगळे करण्यासाठी एक तुकडा रात्रभर हायड्रॉलिक ऑइलमध्ये ठेवावा. स्पष्ट फुगले तर ते ईपीडीएम असण्याची शक्यता मोठी. रंगावर विसंबू नये, कारण तपकिरी आणि हिरवा रंग कोणत्याही रबराला देता येतो. जाळून ओळखण्याची पद्धत तर पूर्णपणे सोडून द्यावी. एफकेएम जळताना हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो आणि तो फुप्फुसांना व त्वचेला अतिशय घातक आहे. आगीत किंवा अतितापलेल्या मशीनमध्ये सापडलेले, चिकट काळे झालेले एफकेएम सील उघड्या हाताने उचलू नये.

साठवणुकीचाही हिशेब ठेवावा. आयएसओ २२३० या मानकानुसार, नीट पॅक केलेल्या आणि २५ अंशांखाली, अंधारात ठेवलेल्या मालासाठी सुरुवातीची मुदत नैसर्गिक रबर, एसबीआर व पॉलियुरेथेन यांना ५ वर्षे, एनबीआर, एचएनबीआर व निओप्रीन यांना ७ वर्षे आणि ईपीडीएम, एफकेएम व सिलिकॉन यांना १० वर्षे आहे. पत्र्याच्या शेडमधील स्टोअर मे महिन्यात किती तापते हे पाहता, आपल्याकडे ही मुदत कमी धरणेच योग्य.

पुढचे मागणीपत्र

मापाबरोबर मागणीपत्रात या गोष्टी असाव्यात: मुख्य द्रव आणि त्याची तीव्रता, धुलाईचे प्रत्येक रसायन, त्याचे तापमान आणि दर आठवड्याचे तास, सतत राहणारे आणि अधूनमधून येणारे कमाल तापमान, शिवाय सुरू करतानाचे किमान, दाब आणि तो स्थिर की कमी-जास्त होणारा, जोड स्थिर की सरकता, बसवताना वापरायचे ग्रीस. ही माहिती ऑपरेटर, फिटर आणि प्रयोगशाळा अशा तिघांकडून घ्यावी, कारण रात्रपाळीत वाफ सोडली जाते हे बऱ्याचदा फक्त ऑपरेटरलाच ठाऊक असते.

रसायनांच्या तक्त्यात दोन रबरे तुल्यबळ दिसली किंवा द्रव मिश्र असला तर मोठी ऑर्डर देण्याआधी चाचणी घ्यावी. दोन्ही रबरांचे तीन-तीन तुकडे वजन व कडकपणा नोंदवून प्रत्यक्ष वापरातील द्रवात, प्रत्यक्ष तापमानावर, निदान ७० तास आणि शक्य असल्यास चार आठवडे ठेवावेत. ज्वालाग्राही द्रव असेल तर हे काम प्रयोगशाळेकडेच सोपवावे. बाहेर काढल्यावर लगेच एकदा आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा एकदा मोजावे, म्हणजे फुगणे आणि प्लास्टिसायझर निघून जाणे असे दोन्ही दोष वेगवेगळे दिसतात. सीआयपीसारख्या कामात तुकडे एकाच रसायनात न ठेवता ज्या क्रमाने ती फिरतात त्याच क्रमाने ठेवावेत, आणि चाचणीचे तुकडे सप्लायरच्या नमुना-पेटीतून न घेता ज्या लॉटमधून सील पाठवले जाणार आहेत त्यातूनच मागवावेत.